दुभाष्याचे पैसे कोणी द्यायचे?

वालूरची बारव बघायला अलीकडे लांबलांबून माणसं येतात. गोल फिरत पाण्याकडं उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून पुन्हा उघडी केलेली ती सगळी दगडी कलाकुसर. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या या गावात पाहुण्याची गाडी थांबली की एक गंमत हमखास होते. पाहुण्यानं तोंड उघडायच्या आतच आमचा माणूस हिंदीत सुरू होतो, "किदर से आए तुम? पानी पीते क्या?" पाहुणा साताऱ्याचा निघतो. तरी दोन-चार वाक्यं दोघंही हिंदीच रेटतात, आणि मग कोणीतरी हसून म्हणतं, "अवं, मराठीच हायेत की हे!"

ही सवय न्यूनगंडाची आहे असं शहरातले भाषाभिमानी म्हणतील. मला ती अगत्याची वाटते. समोरच्याला अडू नये म्हणून गाव आपली जीभ वळवतं, मोडकीतोडकी का होईना. पण हाच माणूस परमुलखात जातो तेव्हा त्याच्यासाठी कोण जीभ वळवतं?

परदेशात भाषेची अडचण येते असं आपण म्हणतो तेव्हा ती शब्दांची अडचण समजतो. शब्द पाठ केले, क्लास लावला, मोबाइलमध्ये भाषांतराचं अ‍ॅप टाकलं की संपली. मला ती अडचण पैशाची आणि पायरीची वाटते. दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नसेल तर ते न येणं दोघांचंही सारखंच असतं. दुबईतल्या मुकादमाला मराठी येत नाही आणि आमच्या पोराला अरबी येत नाही. मग त्यातला एकटाच अडाणी का ठरतो? मधे दुभाष्या लागतो. त्याचे पैसे, त्यात जाणारा वेळ, चुकलं तर होणारं नुकसान आणि वाटणारी लाज, हे सगळं कोणाच्या खात्यावर टाकायचं, हा खरा प्रश्न आहे. आणि तो बहुतेक वेळा आधीच सुटलेला असतो. ज्याची पायरी खालची, त्याच्या खात्यावर.

वालूरच्या माणसाला परदेशी होण्यासाठी विमानात बसावं लागलेलं नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तो आपल्या घरात बसून परदेशी होता. तोवर वालूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथं जवळपास निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, पाव हिस्सा मराठी, काही कन्नड. उर्दू मातृभाषा असणारे शंभरात दहा-बारा. पण कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ हा एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग होता, आणि त्याचं कौतुक करायलाच हवं. फक्त ती भारतीय भाषा परभणीच्या शेतकऱ्याची नव्हती. जिल्ह्याचा मोठा साहेब अव्वल तालुकदार, फौजदाराच्या जागी अमीन, आणि कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला अर्जनवीस. शेतकरी आपलं गाऱ्हाणं त्याला मराठीत सांगणार, तो ते उर्दूत उतरवणार, आणि काय उतरवलं हे शेतकऱ्याला कधीच कळणार नाही. अंगठा मात्र शेतकऱ्याचा.

यात उर्दूचा दोष नाही, हे इथंच सांगून टाकतो, कारण आमच्याकडं हा विषय निघाला की गाडी लगेच धर्माच्या रुळावर जाते. गावातला मुसलमान शेतकरी घरी दखनी बोलायचा. कचेरीतली फारसीनं लगडलेली भाषा त्यालाही तितकीच परकी होती. तोही त्याच झाडाखाली उभा.

बी. रघुनाथ आठवतात. सेलू-परतूर रेल्वेमार्गावरच्या सातोन्यात 1913 साली जन्मलेला हा कवी आणि कादंबरीकार परभणीत बांधकाम खात्यात नोकरी करत होता. दिवसभर सरकारची भाषा आणि उरलेल्या वेळात मराठी. आज आपण परदेशी राहणाऱ्या मराठी लेखकांबद्दल बोलताना 'दोन भाषांत विभागलेलं आयुष्य' वगैरे म्हणतो. ते आयुष्य परभणीत, आपल्याच जिल्ह्याच्या गावात, या माणसानं जगून दाखवलं आणि 1953 साली वयाच्या चाळिशीत ते संपलंही.

त्या काळाचं बिल अजून चुकतं झालेलं नाही. मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला की खासरा आणि पहाणी पत्रकाची नक्कल काढावी लागते, आणि त्याआधीचं काही हवं असेल तर उर्दू वाचणारा म्हातारा शोधावा लागतो. 2023 साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला. तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात शोधाशोध झाली. निजाम जाऊन पंच्याहत्तर वर्षं झाली होती. आपलाच आजा कोण होता हे समजून घ्यायला नातवाला दुभाष्या लागला. राज्यकर्त्यानं आपल्या सोयीची भाषा वापरली आणि भाषांतराचा खर्च प्रजेवर टाकला की तो किती पिढ्या फेडावा लागतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मग 1956 ची राज्यरचना आली, 1960 साली महाराष्ट्र आला, आणि 1964 च्या अधिनियमानं मराठी राजभाषाही झाली. आता तरी आम्ही आपल्या भाषेत राहू लागलो का? अर्धेमुर्धे. वालूरचं पोर बारावीनंतर पुण्याला जातं तेव्हा त्याचा पहिला परदेश लागतो. मेसमध्ये तो सहज म्हणतो, "मी आत्ता जेवण करायलो," आणि टेबलावरची चार डोकी वर होतात. 'कामून', 'उलीसं', 'जायलो', 'यायलंय' हे शब्द तो महिनाभरात गिळून टाकतो. मी स्वतः गिळले आहेत. पुण्यात कोणी मारत नाही, हाकलतही नाही. फक्त "पुन्हा म्हण ना, मस्त वाटतं ऐकायला" असं म्हणतात, आणि त्यानंतर माणूस मुलाखतीला गेला की वाक्य मनातल्या मनात एकदा धुऊन मगच बाहेर काढतो. दोन्ही बाजूंना मराठीच आहे. तरी धुण्याचा साबण एकाच बाजूनं आणायचा.

पुण्याच्या पुढं खरा परदेश. सेलूला देवगिरी एक्स्प्रेस धरायची, मुंबईत एजंटाकडं जायचं आणि तिथून आखात. दहावी पास नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट असते आणि 1983 च्या कायद्याखाली त्याला आखातासारख्या ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. हेतू संरक्षणाचा. पण मंजुरीच्या कागदावर सही करणाऱ्याला करार वाचता येतो का, हे कोण बघतं? संयुक्त अरब अमिरातीनं 2016 पासून एक चांगला नियम केला. नोकरीचा प्रस्ताव अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला कळणाऱ्या तिसऱ्या भाषेतही द्यायचा. त्या तिसऱ्या भाषांच्या यादीत हिंदी आहे, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली, नेपाळी आहे. मराठी नाही. मल्याळम का आहे हे सांगायला नको. केरळची माणसं लाखांनी तिथं आहेत आणि त्यांच्या मागं बोलणारं राज्य आहे. आमचा माणूस हिंदी वाचून निभावतो, आणि वाद झालाच तर शेवटी अरबी मजकूरच खरा धरला जातो.

नावाचाच घोळ घ्या. 2022 च्या नोव्हेंबरपासून अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशाला व्हिजिट व्हिसावर घेणं थांबवलं. आडनाव न लावणारी कितीतरी माणसं आपल्याकडं आहेत. आजवर त्यांचं काही अडलं नव्हतं. आपल्याकडं मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं. युरोपातल्या कारकुनाला ते दुसरं स्वतःचंच नाव वाटतं, आणि मग पत्रं 'मिस्टर ज्ञानोबा' म्हणून येतात. ज्ञानोबा वारून वीस वर्षं झालेली असतात.

पण खरी कसोटी दवाखान्यात लागते. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेलेली आमच्याकडची एखादी मावशी आजारी पडली तर ती डॉक्टरला काय सांगणार? आमच्याकडं दुखणं नुसतं दुखत नाही. दात ठणकतो, पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो, पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते, डोक्यात तिडीक जाते, अंगात कणकण असते, जखम हुळहुळते, काटा सलतो, डोळ्यांची आग होते. यातला प्रत्येक शब्द निम्मं निदान आहे. 'चमक' म्हटलं की गावचा डॉक्टर समजतो की ही येते आणि जाते. 'कळ' म्हटलं की समजतो की लाटेसारखी आहे. तिकडं मावशीला विचारतात, एक ते दहामध्ये किती दुखतंय? मावशी म्हणते, पाच. कारण पाच हा आकडा सभ्य वाटतो. जास्त सांगितलं तर जावयाला खर्च पडेल. मधे दुभाष्या म्हणून मुलगी असते, आणि आईच्या ओटीपोटातल्या तक्रारी जावयासमोर इंग्रजीत उतरवताना ती निम्म्या गाळते. गूगलच्या भाषांतरात मराठी 2013 पासून आहे. पण लाज गाळून खरं सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

म्हणूनच अमेरिकेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटायची. 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन तिथं असं मानलं गेलं की सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यानं इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला दुभाष्या स्वतःच्या खर्चानं द्यावा. ऑगस्ट 2000 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सगळ्या सरकारी खात्यांसाठी त्याच धर्तीचा आदेश काढला. ओझं उचलून बलवानाच्या खांद्यावर ठेवलं. मार्च 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवताना क्लिंटन यांचा तो आदेश रद्द केला. दवाखान्यांवरची कायद्यानं आलेली जबाबदारी त्यामुळं संपत नाही, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. ज्या देशाचं अन्न खायचं त्या देशाची भाषा शिकायला नको का? शिकायलाच हवी. कोकणातले बेने इस्रायली ज्यू घ्या. अलिबागेच्या परिसरात तेलाचे घाणे चालवणारे, घरात मराठी बोलणारे हे लोक 1948 नंतर इस्रायलला जाऊ लागले आणि लोद, दिमोना, बेरशेबासारख्या गावांत स्थिरावले. हिब्रू त्यांना प्रार्थनेपुरती ठाऊक. पण त्या देशानं 1949 पासून उल्पान नावाचे वर्ग काढले होते. येणाऱ्याला सरकारनं काही महिने बसवून भाषा शिकवायची. शिकण्याचे कष्ट येणाऱ्याचे, शिकवण्याचा खर्च बोलावणाऱ्याचा. हा व्यवहार मला रास्त वाटतो. त्या लोकांना तिथं वर्ण आणि धर्म या दोन्हींवरून बराच अपमान सोसावा लागला, तो वेगळा विषय आहे. पण भाषा शिका असं सांगून दार लावून घेतलं नाही. आणि तरीही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

तेव्हा माझं म्हणणं असं नाही की जगानं मराठी शिकावी. बाजारात, शेजारात, प्रेमात ज्यानं त्यानं परकी भाषा आपली शिकून घ्यावी. तिथं चुका करण्यातही मजा आहे. पण मजुरी, दवाखाना, पोलीस ठाणं आणि कोर्ट या चार जागी भाषा येत नाही याची शिक्षा होता कामा नये. तिथं दुभाष्याचे पैसे ज्याच्या हातात सत्ता त्यानं द्यावेत.

जर्मनीचं प्रकरण या मापानं मोजून बघू. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायची. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर वगैरे. त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च राज्य सरकारनं करायचा. पोरांनी कर्ज काढून क्लास लावण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण माणसांची गरज कोणाला आहे? म्हाताऱ्या होत चाललेल्या जर्मनीला. आणि भाषेचा खर्च परभणीच्या करदात्याला. तिथल्या प्रशासनाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे की सरकारी भाषा जर्मन. परभाषेतला कागद आणलात तर भाषांतर तुम्ही आणा, नाहीतर आम्ही करून घेऊ आणि पैसे तुमच्याकडून घेऊ. झाडाखालचा अर्जनवीस तिथं शिक्का मारलेला अधिकृत भाषांतरकार होतो, एवढाच फरक.

जाता जाता एक सांगतो. आपण जर्मन शिकवतो ती इंग्रजीच्या पाठीवरून, आणि हा निव्वळ वेडेपणा आहे. इंग्रजी वाचलेल्याला जर्मनमधली तीन लिंगं जाचतात. आपल्याकडं तो, ती, ते जन्मापासून आहे. लिंगं शब्दागणिक जुळणार नाहीत, पण तीन असतात याचा धक्का तरी बसत नाही. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे याचं इंग्रजीवाल्याला हसू येतं. 'पोरगं' म्हणणाऱ्याला येऊ नये. तिथं पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं. आपलं सदा शेवटीच असतं. तू आणि तुम्ही यांच्यातलं अंतर इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' असं ठणठणीत आहे, आणि कोणाला कधी तू म्हणायचं हे वालूरच्या पोराला कोणी शिकवायची गरज नाही. बी-2 पातळी गाठायची अट घातलेल्या नर्सला मराठीतून जर्मन शिकवणारं चांगलं पुस्तक द्या. ती इंग्रजीच्या भीतीपायी आधीच निम्मी हरलेली असते.

आता जगाकडं दाखवलेलं बोट आपल्याकडं वळवतो, कारण इथंच माझ्या म्हणण्याची परीक्षा आहे. आपण ज्यांच्यासाठी बलवान आहोत, त्यांच्याशी कसे वागतो?

बिहारचा गवंडी, उत्तर प्रदेशचा रंगारी आता तालुक्याच्या गावापर्यंत आलेले आहेत. 2025 च्या जुलैत मीरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून एका दुकानदाराच्या कानशिलात मारल्याचं चलचित्र सगळ्यांनी पाहिलं. मारणाऱ्यांपैकी कोणी त्याला महिनाभर संध्याकाळी अर्धा तास बसवून मराठी शिकवली असती तर? हे भाबडं वाटेल. पण केरळनं नेमकं हेच केलं. तिथल्या साक्षरता मिशननं 2017 मध्ये पेरुंबावूरला 'चंगाती', म्हणजे मित्र, नावाचा उपक्रम सुरू केला; बाहेरच्या राज्यांतल्या मजुरांना मल्याळम शिकवायची, त्यासाठी 'हमारी मलयालम' हे वेगळं पुस्तक काढून. मल्याळम त्यामुळं बाटली नाही. अमिरातीच्या यादीत ती आहे आणि आपण नाही, या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं आहे असं मला वाटतं. आपल्या भाषेसाठी काम करणारं राज्य दोन्हीकडं दिसतं, आपलं माणूस बाहेर गेलं तरी आणि बाहेरचं माणूस आत आलं तरी.

आणि बिहारपर्यंत तरी का जायचं? परभणी जिल्ह्यात, जिंतूरकडं, गंगाखेडकडं, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तिथलं पोर आईला 'याडी' म्हणतं, भाकरीला 'बाटी' म्हणतं. त्याची गोरमाटी ही मराठीची बोली नव्हे. ती राजस्थानी कुळातली वेगळी भाषा आहे. सहा वर्षांचं ते पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत येतं आणि पहिल्या दिवसापासून मराठी ही जणू त्याच्या आईची भाषा आहे असं धरून त्याला शिकवलं जातं. ते गप्प बसतं. शेरा पडतो, 'मंद आहे.' परभणीच्या शेतकऱ्याला निजामाच्या कचेरीत जे वाटत असेल, ते या पोराला आमच्या पहिलीच्या वर्गात वाटतं, आणि इथं कचेरी आमची आहे. घटनेत यासाठी कलम 350 अ आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असं ते सांगतं. ते 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं, म्हणजे भाषावार राज्यरचनेसाठीच्या त्याच दुरुस्तीनं, ज्या वर्षी आम्ही हैदराबादमधून सुटून मराठी मुलखात आलो. आमच्या वाट्याचं आम्ही घेतलं. तांड्याच्या वाट्याचं कलम कागदावर राहिलं.

मला ठाऊक आहे, गोरमाटीतून सगळं शिक्षण उद्या सुरू होणार नाही. पुस्तकं नाहीत, शिक्षक थोडे आहेत, आणि तांड्यावरचे आईबापही म्हणतील, आमच्या पोराला मराठी-इंग्रजी शिकवा. बरोबर आहे त्यांचं. मी तेवढं मागतही नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. गुरुजी, बाई, पहिलीच्या वर्गात तांड्यावरचं पोर आलं तर पहिल्या दिवशी 'आई' शिकवायच्या आधी फळ्यावर 'याडी' लिहा. देवनागरीत लिहिता येतं.